पंधरा-वीस हजारांचे नेटबुक: जमेच्या बाजू, उणिवा आणि खरेदीची रीत

अकरा ते चौदा इंची पडदा, किलो-सव्वा किलोच्या आसपास वजन, कमी विजेवर आणि बहुधा पंख्याशिवाय चालणारा प्रोसेसर आणि नेहमीच्या लॅपटॉपच्या जवळपास निम्मी किंमत, अशा यंत्राला नेटबुक म्हणतात. आता खोक्यावर हा शब्द क्वचितच दिसतो. दुकानात तेच यंत्र 'मिनी लॅपटॉप', 'स्टुडंट लॅपटॉप', 'क्रोमबुक' किंवा नुसता 'बेसिक लॅपटॉप' म्हणून पुढे येते. सातारा जिल्ह्यातल्या फलटण, साखरवाडी, तरडगाव, बरड या पट्ट्यात दहावी-बारावीचे निकाल लागले की त्याची विचारपूस वाढते, आणि पालकांचा प्रश्न दरवर्षी तोच असतो: वीस हजारांचे यंत्र मुलीच्या तीन वर्षांच्या पदवीला पुरेल, की दुसऱ्या वर्षीच कपाटावर जाऊन पडेल?

या प्रश्नाचे उत्तर कंपनीच्या नावात नसते आणि खोक्यावरच्या 'आठ कोअर'मध्येही नसते. माउस, वेगळा कीबोर्ड, मोठा मॉनिटर, बाहेरची हार्ड डिस्क या गोष्टी पुढे कधीही जोडता येतात. मदरबोर्डवर सोल्डर केलेली मेमरी, तशीच सोल्डर केलेली साठवण, पडदा आणि ऑपरेटिंग सिस्टिमच्या अपडेटची मुदत या चार गोष्टी मात्र खरेदीच्या दिवशी ठरतात त्या कायमच्या. स्वस्त यंत्र पारखताना आधी हे चार मुद्दे तपासावेत. बाकीचे नंतर पाहिले तरी चालते.

याआधीची स्वस्त यंत्रे कुठे अडली

असूसचे ईई पीसी ७०१ हे यंत्र २००७ मध्ये आले आणि नेटबुकचा बाजार उभा राहिला. सात इंची पडदा, ५१२ एमबी मेमरी आणि ४ जीबी साठवण एवढ्यावर ते लिनक्सच्या आधाराने बरे चालत होते. पुढे गिऱ्हाइकाच्या मागणीमुळे अशा यंत्रांवर विंडोज आले आणि तेवढ्याच अंगावर दुप्पट ओझे पडले. त्याच २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात खैराट-धनगरवाड्याच्या एकशिक्षकी शाळेत 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' योजनेतले हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप मुलांच्या हाती आले. त्यांचा पडदा उन्हातही वाचता येत असे. बाजारातल्या आजच्या स्वस्त यंत्रांत तो गुण नाही, हे नवलच म्हणायचे. ५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्र सरकारने गाजावाजा करून 'आकाश' टॅबलेट आणला. ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी मेमरी आणि दाबल्याशिवाय न ऐकणारा पडदा यांमुळे लोकांचा हिरमोड झाला. किंमत कमी होती ही तक्रार कोणाचीच नव्हती. त्या किमतीत कात्री कुठे चालवली, यावरच सगळे बिनसले.

आधी काम ठरवा

यंत्रावर काय करायचे याची यादी कागदावर लिहून मगच दुकानाची पायरी चढावी. 'सगळंच लागतं' असे म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात काहीही मारता येते.

नेटबुकवर विनातक्रार होणारी कामे:

- प्रवेश, शिष्यवृत्ती, सीईटी आणि एमपीएससीचे ऑनलाइन अर्ज. महाडीबीटी, सातबारा, आठ-अ यांची संकेतस्थळे
- ऑनलाइन तास, व्हिडिओ व्याख्याने, पीडीएफ वाचन
- मराठी-इंग्रजी टंकलेखन, प्रकल्प अहवाल, साधे तक्ते
- एमएस-सीआयटीचा सराव, प्राथमिक पायथन किंवा एचटीएमएल
- दूध संकलनाचा, बचत गटाचा किंवा छोट्या दुकानाचा हिशेब, तोही स्प्रेडशीटमध्ये

नेटबुकवर होत नाहीत किंवा रडतखडत होतात अशी कामे:

- ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स, रेव्हिटसारखी अभियांत्रिकीची सॉफ्टवेअरे
- व्हिडिओ संकलन, मोठ्या फ्लेक्सचे डिझाइन
- अँड्रॉइड अ‍ॅप बनवण्याचे शिक्षण
- बराच जुना डेटा असलेली टॅली आणि शेजारी दहा टॅब उघडलेला ब्राउझर, दोन्ही एकाच वेळी

फलटणच्या मुधोजी महाविद्यालयात बीए किंवा बीकॉमला जाणाऱ्या मुलाला पहिली यादी बहुतेक वेळा पुरते. डिप्लोमा किंवा अभियांत्रिकीला जाणाऱ्याने पहिल्याच वर्षी नेटबुक घेतले, तर दुसऱ्या वर्षी पुन्हा खर्च ठरलेलाच. त्यापेक्षा पहिले सत्र कॉलेजच्या संगणक कक्षावर काढून तेवढ्यात पैसे साठवलेले बरे.

जेईई, नीट किंवा एमएचटी-सीईटीच्या तयारीसाठी महाज्योती संस्था इतर मागासवर्ग, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या निवडक विद्यार्थ्यांना मोफत टॅबलेट देते. घरात पात्र मूल असेल, तर नेटबुक घेण्याआधी त्या वर्षीची जाहिरात पाहून घ्यावी.

बाजारातले चार पर्याय

अँड्रॉइडवर चालणारी यंत्रे. जिओबुक आणि प्राइमबुक ही ठळक उदाहरणे. ३१ जुलै २०२३ रोजी जाहीर झालेले ११.६ इंची जिओबुक १६,४९९ रुपयांना आले होते: ९९० ग्रॅम वजन, ४ जीबी मेमरी, ६४ जीबी साठवण आणि अंगभूत ४जी. वाय-फाय नसलेल्या वस्तीवर किंवा एसटीच्या प्रवासात हे अंगभूत सिम फार सोयीचे. घेण्याआधी दुसऱ्या कंपनीचे सिम चालते का, ते विचारावे. उणीव एकच आहे, पण ती मोठी: विंडोजचे कोणतेही सॉफ्टवेअर यावर बसत नाही. टॅली, श्रीलिपी, डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनची प्रणाली यांतले काही लागणार असेल, तर हा पर्याय तिथेच संपतो.

क्रोमबुक. ४ जीबीतही ही यंत्रे सुटसुटीत चालतात आणि विषाणूंचा त्रास जवळपास नसतो. इंटरनेट मात्र हाताशी हवे. गूगलने २०२३ मध्ये क्रोमबुकसाठी दहा वर्षांच्या अपडेटची घोषणा केली. ही दहा वर्षे तुम्ही विकत घेतल्या तारखेपासून मोजली जात नाहीत. त्या जातीचे यंत्र पहिल्यांदा बाजारात आले, तिथून ती सुरू होतात. २०२१ चे मॉडेल आज सवलतीत मिळाले, तर त्यातली बरीच वर्षे गोदामातच सरलेली असतात. नेमकी अखेरची तारीख सेटिंग्जमधल्या 'अबाउट क्रोमओएस' या भागात दिसते.

विंडोजची प्राथमिक यंत्रे. इंटेल सेलेरॉन, इंटेल एन१०० किंवा एएमडी अ‍ॅथलॉनवाली. कामांची यादी सगळ्यांत मोठी यांची, आणि तक्रारींची यादीही यांचीच मोठी. कारण पुढच्या भागात येते.

रिफर्बिश्ड व्यावसायिक लॅपटॉप. कंपन्यांनी तीन-चार वर्षे वापरून काढलेले थिंकपॅड, लॅटिट्यूड किंवा एलिटबुक. जड असतात, पण याच किमतीत ताकद कितीतरी जास्त. यांचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

मेमरी आणि साठवण: खरी मेख इथे

विंडोज ११ बसवण्यासाठी किमान ४ जीबी मेमरी आणि ६४ जीबी साठवण लागते, असे मायक्रोसॉफ्ट सांगते. किमान म्हणजे यंत्र सुरू होण्यापुरते. काम होण्यापुरते नव्हे.

४ जीबीपैकी अडीच-तीन जीबी विंडोज स्वतःच अडवते. उरलेल्या जागेत ब्राउझरचे चार-पाच टॅब उघडले की मेमरी भरते. मग विंडोज जास्तीचा माल साठवणीवर उतरवू लागते. ती साठवण ईएमएमसी प्रकारची असेल, तर यंत्र हमखास गुदमरते. ईएमएमसी म्हणजे मोबाइलच्या मेमरी कार्डाच्या जातीची चिप. तिचा माहिती वाचण्याचा वेग सेकंदाला अडीचशे-तीनशे एमबीच्या आसपास. साध्या साटा एसएसडीचा वेग सुमारे पाचशे, तर एनव्हीएमई एसएसडीचा हजारांच्या पुढे जातो. बारीकसारीक फाइली एकाच वेळी लिहिताना हा फरक आणखी वाढतो, आणि विंडोज दिवसभर तेच करत असते.

जागेचा हिशेब तर साधी वजाबाकी आहे. खोक्यावर ६४ जीबी लिहिलेले असते. विंडोज ती ५८-५९ दाखवते, कारण मोजण्याची पद्धत वेगळी. विंडोज आणि तिच्या दुरुस्तीच्या फाइली मिळून तीसच्या आसपास जातात. ब्राउझर, ऑफिस, झूम बसवले की हातात पंधरा-वीस जीबी उरतात. वर्षातून एकदा मोठे अपडेट येते, तेव्हा तात्पुरती तेवढीच जागा लागते. ती नसली की अपडेट अर्ध्यावर अडते, पुन्हा सुरू होते, पुन्हा अडते. 'नवा लॅपटॉप सहा महिन्यांत स्लो झाला' या तक्रारीमागे पुष्कळदा एवढेच असते. विषाणू काढून टाकण्याच्या नावाखाली पाचशे रुपये घेणाऱ्याला ते ठाऊकही असते.

म्हणून विंडोजचे यंत्र घ्यायचे असेल, तर ८ जीबी मेमरी आणि २५६ जीबी एसएसडी ही खालची पायरी धरावी. तेवढे बजेट नसेल, तर ४ जीबी घेऊनही पुढे वाढवता येणारे यंत्र शोधावे. वाढवता येते का, हे विक्रेत्याच्या शब्दावर सोडू नये. दुकानात यंत्र सुरू असताना टास्क मॅनेजर उघडा, 'परफॉर्मन्स'मध्ये 'मेमरी'वर जा. तिथे 'फॉर्म फॅक्टर' या ओळीपुढे 'एसओडीआयएमएम' दिसले, तर मेमरी खाचेत बसवलेली आहे आणि बदलता येते. 'रो ऑफ चिप्स' दिसले, तर ती सोल्डर केलेली आहे. काही यंत्रांत सोल्डर केलेल्या मेमरीशेजारी एक रिकामी खाच असते. 'स्लॉट्स यूज्ड' ही ओळ आणि कंपनीच्या संकेतस्थळावरचे तांत्रिक पत्रक, दोन्ही पडताळून पाहावे.

अँड्रॉइड आणि क्रोमबुकला ४ जीबी आणि ६४ जीबी चालून जातात. तिथे हा मुद्दा इतका जिव्हारी लागत नाही.

प्रोसेसरची नावे

'कोअर' मोजून वेग कळत नाही. जिओबुकमधल्या मीडियाटेक एमटी८७८८ मध्ये आठ कोअर आहेत, पण ते मोबाइलच्या जातीचे. इंटेल एन१०० मध्ये चारच आहेत, तरी विंडोजच्या कामात तो समाधानकारक ठरतो.

- सेलेरॉन एन४०२०: दोन कोअर, २०१९ च्या अखेरचा. आज घेऊ नये. सवलतीच्या सेलमध्ये हाच पुढे केला जातो.
- सेलेरॉन एन४५००: दोन कोअर, २०२१ चा. टंकलेखन आणि अर्जांपुरता.
- इंटेल एन१००: चार कोअर, २०२३ चा. नेटबुकसाठी योग्य निवड.
- कोअर आय३ एन३०५, रायझन ३ ७३२०यू: किंमत परवडत असेल तर उत्तम.

एन३०६०, एन३३५० असे जुने सेलेरॉन असलेली यंत्रे 'नवीनासारखी' म्हणून अजून विकली जातात. त्यांना विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अशा यंत्रावर लिनक्स मिंट, लुबुंटू किंवा सी-डॅकची 'बॉस' प्रणाली टाकून वाचन-लेखनाचे काम भागवता येते. त्यासाठी दोन-चार हजारांपेक्षा जास्त मोजू नयेत.

पडदा आणि कीबोर्ड

स्वस्त यंत्रांत सर्वांत निर्दय काटकसर पडद्यावर होते. १३६६ × ७६८ बिंदूंचा, फिकट, बाजूने पाहिला की काळवंडणारा टीएन पडदा सर्रास येतो. ओसरीवर किंवा खिडकीशेजारी बसून अभ्यास करणाऱ्याने यंत्र दुकानाच्या दाराशी, उजेडात नेऊन पाहावे. आयपीएस पडदा आणि १९२० × १०८० बिंदू मिळत असतील, तर हजार-दीड हजार जास्त गेले तरी हरकत नाही. डोळे रोज वापरायचे आहेत.

मराठी टंकलेखन करणाऱ्याने उजवीकडची शिफ्ट कळ पाहावी. इनस्क्रिप्ट पद्धतीत शिफ्टशिवाय एक ओळही पुरी होत नाही, आणि अकरा इंची यंत्रांत नेमकी हीच कळ अर्ध्या मापाची केलेली असते. शासकीय टंकलेखन परीक्षेची तयारी करणाऱ्याने सरावासाठी पूर्ण मापाचा कीबोर्ड वेगळा घ्यावा. तो पाचशे-सातशे रुपयांत येतो आणि परीक्षेतही तसाच मिळतो.

कॅमेरा ०.३ मेगापिक्सेलचा असेल, तर ऑनलाइन मुलाखतीत चेहरा धुरकट दिसतो. ७२०पी पुरेसा आहे.

बॅटरी, उन्हाळा आणि लाईट

इथे नेटबुकची बाजू भक्कम आहे. साध्या कामात ते ८ ते १० वॉट वीज घेते. ३८ वॉट-तासांची बॅटरी म्हणजे चार तास, मंद प्रकाशात पाचही. 'बारा तास' हा आकडा जाहिरातीतला. त्याचा निम्मा धरावा.

लाईट जाणाऱ्या गावात हा गुण पैशांत मोजता येतो. घरातल्या इन्व्हर्टरची १५० एएचची बॅटरी १२ व्होल्टला १,८०० वॉट-तास देते. निम्मीच वापरायची म्हटले, तरी ९०० उरतात. चार्जिंगला लावलेले नेटबुक आणि वाय-फाय राउटर मिळून तीस-चाळीस वॉट होतात. इन्व्हर्टरची स्वतःची झीज वजा जाता दिवसभराचे काम आरामात निघते. डेस्कटॉप एवढ्या वेळात दोनदा-तीनदा बॅटरी उतरवेल. चार्जर यूएसबी-सी प्रकारचा असेल, तर अडल्या वेळी पुरेशा क्षमतेच्या पॉवर बँकेवरही भागते.

उन्हाळ्यात मात्र सांभाळावे. एप्रिल-मेमध्ये फलटणचा पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून वर जातो. पंखा नसलेले यंत्र अशा वेळी स्वतःला वाचवण्यासाठी आपोआप वेग कमी करते. तो बिघाड समजू नये. गादीवर, उशीवर ठेवून काम करू नये आणि भर दुपारी चार्जिंगला लावून व्हिडिओ पाहणे टाळावे. बॅटरी फुगण्याचे ते एक कारण आहे. पंखा नसल्याचा फायदाही आहे. आत धूळ ओढली जात नाही, आणि ऊसतोडीच्या हंगामात रस्त्याकडेच्या घरांत धूळ किती असते ते सांगायला नको.

दुकानातली वीस मिनिटे

विक्रेता घाई करत असेल, तरी पुढच्या पायऱ्या सोडू नयेत. बंद खोक्यातले यंत्र आपल्यासमोर उघडून घ्यावे.

१. खोक्यावरचा आणि यंत्राच्या तळाचा सिरियल नंबर जुळवा. मोबाइलवर कंपनीच्या संकेतस्थळावर तो टाकून वॉरंटी कधी सुरू झाली ते पाहा. शोकेसमधल्या यंत्राची वॉरंटी आधीच सुरू झालेली असू शकते.

२. यंत्र बंद करून पुन्हा सुरू करा. एसएसडीवाले अर्ध्या मिनिटाच्या आत कामाला लागते.

३. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर एकापाठोपाठ चार टॅब उघडा: महाभूलेख, ७२०पी दर्जाचा एक यूट्यूब व्हिडिओ, गूगल डॉक्स आणि एक बातमीपत्र. व्हिडिओ चालू ठेवून डॉक्समध्ये दहा ओळी मराठी लिहा. कळ दाबल्यावर अक्षर उशिरा उमटत असेल, तर घरी याहून वाईट अनुभव येणार.

४. टास्क मॅनेजरमध्ये 'मेमरी' आणि 'डिस्क' यांचे टक्के पाहा. नव्याकोऱ्या यंत्रावर पहिल्या काही मिनिटांत अपडेटमुळे डिस्क शंभर टक्क्यांवर जाते. दहा मिनिटांनीही ती उतरली नाही, तर ते यंत्र नको.

५. पांढरे पान पूर्ण पडद्यावर उघडा आणि ठिपके, डाग, कडेने झिरपणारा उजेड शोधा.

६. प्रत्येक यूएसबी खाचेत पेन ड्राइव्ह, कानाला हेडफोन, कॅमेरा, माइक: सगळे एकदा तपासा.

७. सेटिंग्जमध्ये विंडोज 'एस मोड'मध्ये आहे का ते पाहा. असेल तर फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधली अ‍ॅप बसतात. एस मोड फुकट काढता येतो. एकदा काढला की परत लावता येत नाही, आणि त्याची गरजही नसते.

८. विंडोज 'अ‍ॅक्टिव्हेटेड' आहे का ते पाहा. 'डॉस'वाले यंत्र स्वस्त पडते, कारण त्यात विंडोजची किंमत धरलेली नसते. त्यावर दुकानदाराने टाकून दिलेले विंडोज बहुतेक वेळा चोरीचे असते.

ऑनलाइन मागवताना हेच सगळे परतीच्या मुदतीत, म्हणजे बहुधा सात दिवसांत, घरी उरकावे. पार्सल फोडण्यापासून यंत्र सुरू होईपर्यंतचा सलग व्हिडिओ काढून ठेवावा.

रिफर्बिश्ड घ्यावे का

घरात एका जागी ठेवून वापरायचे असेल, तर उत्तर बहुधा 'हो' असे आहे. आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा कोअर आय५, ८ जीबी मेमरी आणि २५६ जीबी एसएसडी असलेला व्यावसायिक लॅपटॉप नव्या नेटबुकच्याच किमतीत मिळून जातो. त्याची मेमरी बहुतेक मॉडेलांत वाढवता येते, कीबोर्ड उत्तम असतो आणि सुटे भाग पुण्यात सहज मिळतात. आठव्या पिढीखाली उतरू नये. विंडोज ११ ची रेघ तिथेच आखलेली आहे. 'आय५' एवढाच शब्द ऐकून खूश होऊ नये. चौथ्या पिढीचा आय५ आजच्या एन१०० लाही भारी पडत नाही आणि वीज मात्र दुप्पट-तिप्पट खातो.

जोखीम बॅटरीची. ती कमांड प्रॉम्प्टवर एका आज्ञेने कळते: 'पॉवरसीएफजी', एक जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला जोडून 'बॅटरीरिपोर्ट'. तयार होणाऱ्या पानावर मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी दिसतात. आजची क्षमता मूळच्या सत्तर टक्क्यांखाली असेल, तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वळते करून मागा. बायोसला जुन्या कंपनीचा पासवर्ड नाही ना, तेही पाहून घ्या. पक्के बिल आणि लेखी किमान सहा महिन्यांची हमी देत नसेल, त्याच्याकडून घेऊ नका.

किमतीच्या पाटीवर न दिसणारा खर्च

नेटबुकचा मदरबोर्ड एकसंध असतो. वॉरंटी संपल्यावर तो गेला, तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला अशी गत होते, कारण नव्या बोर्डाची किंमत यंत्राच्या निम्म्यावर जाते. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची वाढीव वॉरंटी दीड-दोन हजारांत मिळत असेल, तर नेटबुकच्या बाबतीत ती घेण्यासारखी आहे. त्यात पाणी सांडणे, पडून फुटणे येत नाही. अपघाती संरक्षण वेगळे विकले जाते.

सेवा केंद्र कुठे, हा खर्चाचाच भाग. कंपनीच्या संकेतस्थळावर ४१५५२३ हा फलटणचा पिनकोड टाका. घरी येऊन दुरुस्ती मिळते, की यंत्र घेऊन बारामती, सातारा किंवा थेट पुणे गाठावे लागते, ते तिथे कळते. आदर्की किंवा आसूच्या ग्राहकाला पुण्याच्या दोन फेऱ्या म्हणजे मोडलेले दोन दिवस.

'नो कॉस्ट ईएमआय'मध्ये प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरचा जीएसटी बहुधा ग्राहकाकडेच येतो. रोखीची किंमत आणि हप्त्यांची सगळी बेरीज कागदावर शेजारी मांडून पाहावी. सोबत दिलेले ऑफिस कायमचे आहे, की महिन्या-वर्षाचे चाचणीपुरते, हेही विचारावे. लिबरऑफिस मोफत आहे आणि महाविद्यालयीन कामाला पुरते.

बिल, वॉरंटी आणि ग्राहकाचे हक्क

- पक्के बिल. त्यावर मॉडेल, सिरियल नंबर आणि जीएसटी क्रमांक हवा. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. 'बिल नको असेल तर कमी करतो' हे मान्य करणे म्हणजे वॉरंटीवर पाणी सोडणे. बिल न देणे ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे.

- सदोष माल परत. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' हा शिक्का बिलावर असला, तरी घाबरू नये. बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि तशी मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, सदोष वस्तू परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे याच कायद्याने अनुचित ठरवले आहे. आवडले नाही म्हणून परत करणे हा हक्क मात्र नाही.

- खोक्यावरचा मजकूर. कमाल किरकोळ किंमत, निर्मितीचा किंवा आयातीचा महिना-वर्ष, ग्राहक सेवेचा पत्ता छापलेला हवा. यंत्र आणि चार्जर दोन्हींवर भारतीय मानक ब्यूरोचा 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर तो तपासता येतो. बनावट चार्जर ओळखण्याची ही खात्रीची रीत.

- ऑनलाइन खरेदी. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिन्याभरात ती निकाली काढायची असते. फोनवर बोलून थांबू नये. लेखी तक्रार करून तिचा क्रमांक जपावा.

- पुढची पायरी. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिथे मार्ग निघाला नाही, तर साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येते. सांगली जिल्ह्यातल्या ग्राहकाला सांगलीचा आयोग. दुकान पुण्यात किंवा कंपनी बंगळुरूत असली, तरी ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे तक्रार चालते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि दोन वर्षांची मुदत आहे. अर्ज ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या भरता येतो.

- 'आपले सरकार' सेवा केंद्र चालवणारे. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक कायदा लागत नाही, असे दुकानदार सांगतात. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेले यंत्र याला अपवाद आहे. 'आपले सरकार' केंद्र चालवणाऱ्या एकट्या माणसाला तक्रार करता येते. त्याने मुळात अँड्रॉइडचे यंत्र घेऊच नये. बोटांच्या ठशाचे उपकरण, स्कॅनर आणि स्वाक्षरीचे टोकन यांची जुळणी विंडोजवर सोपी जाते.

जुने यंत्र काढताना

आधी गूगल आणि मायक्रोसॉफ्ट खात्यांतून बाहेर पडा, मग 'रीसेट'मध्ये सगळे काढून टाकण्याचा पर्याय निवडा. आधार, पॅन, बँक पासबुकाच्या स्कॅन केलेल्या प्रती डाउनलोडच्या फोल्डरमध्ये राहून जातात, त्या आठवणीने पाहा. २०२२ च्या ई-कचरा नियमांनुसार जुन्या यंत्रांच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादक कंपनीवर आहे. कंपनीच्या संकेतस्थळावर संकलन केंद्रांची माहिती असते. बॅटरी फुगून टचपॅड वर उचलला गेला असेल, तर ते यंत्र चार्जिंगला लावू नका, दाबून बसवू नका आणि भंगारवाल्यालाही देऊ नका. सेवा केंद्रात बॅटरी वेगळी काढून घ्या.